नवसाचे केस

केसांचा गुंता आणि केसांचा नमदा या दोन वेगळ्या अवस्था आहेत. गुंता सोडवता येतो. नमदा सुटत नाही, तो कापावा लागतो. हे मला ठाऊक आहे, कारण तंतूंचा अभ्यास हे माझे कामच आहे. प्राण्याच्या केसावर सूक्ष्म खवले असतात आणि ते सगळे टोकाकडे कललेले असतात. ओलावा, ऊब आणि घर्षण एकत्र आले की एका केसाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात, आणि नंतरची प्रत्येक हालचाल त्यांना सोडवण्याऐवजी आणखी आत ओढते. घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो जाड नमदा माणसाने याच गुणाचा उपयोग करून घडवला. आमच्या घरात तो कोणी घडवत नव्हते. तो एका जिवंत प्राण्याच्या अंगावर आपोआप घडत होता.

तो प्राणी म्हणजे आमचा शिह त्झू जातीचा कुत्रा: मांजराहून थोडा मोठा, पांढरा आणि तपकिरी, चपट्या नाकाचा, फरशीपर्यंत लोळणाऱ्या केसांचा. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या इमारतीतले एक कुटुंब बदलीमुळे शहर सोडून गेले आणि जाताना त्याला आमच्याकडे ठेवून गेले. बाबांनी त्याला पहिल्याच दिवशी ‘पोछा’ म्हटले. फरशी पुसण्याच्या फडक्याशी त्याचे साम्य इतके होते की दुसरे नाव कोणाला सुचलेच नाही.

बाबा सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत सर्वेक्षक होते. निवृत्त झाल्यावर मोजण्यासारखे काही हाती उरले नाही, तेव्हा ती सगळी शिस्त त्यांनी या कुत्र्याच्या केसांना लावली. रोज सकाळी बाल्कनीत जुने वर्तमानपत्र अंथरायचे, त्याला कुशीवर निजवायचे आणि पोटापासून सुरुवात करायची. केसांत आडवा भांग पाडून वरचा थर चिमट्याने अडकवायचा, उघडी पडलेली ओळ मुळापासून टोकापर्यंत विंचरायची, मग बोटभर वर सरकून दुसरा भांग. पाठ सर्वांत शेवटी. कंगवा कातडीला टेकल्याशिवाय ओळ पूर्ण झाली असे ते मानत नसत. उन्हाळ्यासाठी केस बारीक कापून आणावेत, असे मी एकदा सुचवले होते.

“कापले तर उंदीर दिसन तो,” ते म्हणाले. “मंग लोकं म्हणतील, सायबानं रिटायर होऊन उंदीर पाळला.”

विंचरणे संपले की तो त्यांच्या पायाचा अंगठा चाटायला येई. बाबा पाय आखडून घेत आणि म्हणत, “हट बे.” तो हटत नसे, आणि त्याने हटावे अशी त्यांचीही इच्छा नसे.

दिवाळीनंतर बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. रुग्णालयातून घरी आणले तेव्हा त्यांना आमचे बोलणे बरेचसे समजत होते. ओठ हलत, घशातून आवाज येई, पण त्या आवाजाला शब्दाचा आकार येत नसे. मी मिळतील ते शोधनिबंध वाचले. पहिल्या काही महिन्यांत जे परतते ते परतते, पुढे वेग मंदावत जातो, एवढे त्यांतून स्पष्ट होत होते. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती. वडिलांची प्रकृती सावरेपर्यंत थांबावे, असे मी त्यांना कळवले. ‘सावरेपर्यंत’ हा शब्द मी तेव्हा निःशंकपणे वापरला होता.

कुत्र्याचे विंचरणे आईकडे गेले. आईने आयुष्यात एकाच डोक्याचे केस सांभाळले होते, ते माझे, आणि तीच पद्धत तिने इथे चालवली. तळहातावर खोबरेल घ्यायचे, पाठीवरून शेपटीपर्यंत चोपडायचे, वरून फणी फिरवायची आणि डोळ्यांवरच्या केसांची रबर लावून शेंडी बांधायची. वरून केस चमकत. येणारे-जाणारे म्हणत, “किती छान ठेवलं तुम्ही याले.” तेलावर धूळ बसत होती. ऊन वाढले तसा कूलर सुरू झाला. पोछा दिवसभर त्याच्या समोर, वाळ्याच्या ताट्यांतून येणाऱ्या दमट वाऱ्यात पडून राही, आणि त्याचे केस आतून कधी कोरडे होत नसत. ओलावा, ऊब, घर्षण. बाबा पलंगावरून हे रोज पाहत. फणी वरच्या वर फिरू लागली की त्यांचा डावा हात उठे, हवेत काहीतरी आडवे ओढल्यासारखे करी आणि पडे. आम्हाला वाटे, त्यांना पाणी हवे आहे.

मार्चमध्ये एका रविवारी मी त्याच्या पाठीच्या केसांत बोटे घातली आणि ती कातडीपर्यंत पोहोचेनात. चमकदार थराखाली पुठ्ठ्यासारखे काहीतरी होते. ते बरगड्यांवरून पोटाकडे गेले होते, काखांमध्ये सर्वांत जाड होते आणि तो चालला की कातडीला ओढत होते. तेव्हा कळले की तो हल्ली आखडून का चालतो. मी कात्री आणायला उठले.

“ठेव ते,” आई म्हणाली. “केसाले हात नाही लावायचा.”

“आई, हे सुटणार नाही. कापावंच लागते.”

“बोलली आहो मी देवीले.”

आमच्या गावाकडे नवसाचे केस ठेवण्याची रीत आहे. मूल आजारी पडले, किंवा खूप वाट पाहून झाले, की त्याच्या केसांना कात्री लावायची नाही असे बोलतात. मागितलेले मिळाले की देवीसमोर नेऊन ते उतरवतात. माझा आतेभाऊ शाळेत जाईपर्यंत दोन वेण्या घालून हिंडत असे. रुग्णालयात, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसून, आईने असाच नवस बोलला होता. मात्र आमच्या घरी केस वाढवण्याजोगे मूल नव्हते. माझे केस मी इथल्या प्रयोगशाळेत भट्टीशेजारी काम करावे लागते म्हणून कधीच मानेवर कापून टाकले होते.

“तुये असते तर तुये ठेवले असते,” ती म्हणाली. “तू तर पोट्ट्यासारखे करून आली. मंग घरात केसाचा कोण उरला? हाच.”

“आणि काय बोललीस?”

“यायनं मले हाक मारली, की मंग याचे केस देवीपाशी उतरवीन.”

बाबा तिला नावाने हाक मारत नसत. ‘अवं’ एवढेच म्हणत. घरात कुठेही असली तरी ती ओ देई. नवस त्या एका शब्दासाठी होता.

मी त्या क्षणी कापायला हवे होते, असे कोणी म्हणू शकेल. मी हिशेब केला होता. माझ्या हातात कात्री होती आणि आई दुपारी झोपत असे. पण नंतर बाबा बोलले नसते, तर न बोलण्याची सारी कारणे आईने त्या कात्रीपाशी आणून ठेवली असती, आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीपेक्षा ते कारण तिला अधिक पटले असते. म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. खोबरेल बंद करवले, ते पुरते बंद झाले नाही. रविवारी बसून एकेक गाठ बोटांनी फाडायचा प्रयत्न केला. तो कण्हत असे, पण चावला नाही.

याच सुमारास बाबा बोलले.

पोछा पलंगापाशी आला, चादरीबाहेर आलेला डावा अंगठा त्याने चाटला, आणि बाबा स्वच्छ, पूर्वीच्याच आवाजात म्हणाले, “हट बे.”

आईच्या हातातली वाटी खाली पडली. ती पलंगाच्या काठावर बसून त्यांचे तोंड दोन्ही हातांत धरून म्हणू लागली, “आणखी बोला. काही बी बोला.” ते तिच्याकडे पाहत राहिले. ओठ हलले. तोच आकारहीन आवाज आला.

पुढच्या काही दिवसांत आम्ही तपासून पाहिले. म्हणजे मी पाहिले, आई वाट पाहत होती. कुत्रा पायापाशी आला की शब्द येत. तो नसताना येत नसत. मी स्वतः “हट बे” म्हणून दाखवले तरी त्यांना मागून म्हणता येत नसे. मी आईला समजावले की वर्षानुवर्षांच्या सवयीने घट्ट झालेले ठरावीक शब्द मेंदूत वेगळ्या वाटेने टिकून राहतात. माणूस ते उच्चारतो, पण त्याला बोलणे म्हणता येत नाही. शिंक येते तसे ते येतात. त्यावरून बाकीची वाचा परत येईल असे मानता येत नाही.

“तू शिकली, ते सारं खरं,” आई म्हणाली. “पण आवाज तर यायचाच आहे ना?”

एप्रिलअखेर बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, सावनेरहून भावाला भेटायला आली. ती ज्या खोलीत शिरते तिथे आधी खुर्ची आणि मग सत्ता ताब्यात घेते. पोछा तिच्या पायांशी आला, तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला.

“काय वं हे? कुत्रं आहे का पायपुसणं?”

मी तिला बाजूला नेऊन सगळे सांगितले. आत्याला युक्तिवाद आवडतात. जेवणे झाल्यावर, बाबांच्याच खोलीत, तिने आईपुढे विषय काढला.

“नवस काय होता तुया? बोलला पायजे, हाच ना? मंग बोलला ना तो. मी सोता ऐकलं सकाळी. हट बे म्हणे. झाला नवस पुरा. उतरव केस.”

“खरंच आई,” मी म्हणाले. “बाबा बोलले. शब्द स्पष्ट आहेत, सगळ्यांनी ऐकले आहेत. देवी काही व्याकरण तपासत नाही.”

आई डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“परवा तर तू म्हणून राहिली होती, हे बोलणं नोहे. शिंक आहे म्हणे. आता बोलणं झालं का?”

आत्याने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली. “माणसानं तोंड उघडलं, शब्द निघाला. आणखी काय पायजे तुले?”

“ते कुत्र्याले बोलले, बाई,” आई म्हणाली. “मले नाही बोलले.”

बाबा जागे होते. त्यांनी हे ऐकले की नाही, ते मला कळले नाही. ते छताकडे पाहत होते. आत्याने आईपुढचे ताट स्वतःकडे ओढले आणि डाळ निवडू लागली.

मे महिन्यात नागपुरात माणसे तोंडाला फडके गुंडाळून बाहेर पडतात आणि काम झाले की घराच्या आत पळतात. आमच्या घरातल्या एकाला ते फडके सोडता येत नव्हते. पोछा खाईनासा झाला. पलंगापाशी जाण्याऐवजी तो न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून राही. अंगाला वास येऊ लागला, तो आईला आधी कूलरच्या टाकीचा वाटला आणि तिने टाकी घासली. एका दुपारी त्याच्या पुढच्या पायाभोवती माश्या घोंघावताना दिसल्या. मी त्याला मांडीवर घेतले, पाय उचलला, आणि आईला विजेरी धरायला सांगितले. काखेतला नमदा ओला होता. त्याची कड मी बोटांनी उचलली. खाली कातडी उरली नव्हती. जखम होती, आणि जखमेत अळ्या होत्या.

विजेरीचा उजेड हलला नाही. आई ते पाहत होती. या वेळी माझे म्हणणे सिद्ध करायला शब्दांची गरज नव्हती, आणि ते सिद्ध झाल्याचा मला काडीचाही उपयोग नव्हता.

“काढून टाक,” ती म्हणाली.

“सगळे?”

“सारेच. आता काय ठेवायचे.”

शेजारणीला बाबांपाशी बसवून आम्ही रिक्षाने धरमपेठेतल्या पशुवैद्याकडे गेलो. रस्ता तापून पांढरा पडला होता. आईने त्याला ओल्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी धरले होते. वाटेत ती एकदाच बोलली. “मी देवीले माह्यासाठी बोलली होती. यानं काहून भोगावं?” हा प्रश्न तिने मला विचारला नव्हता.

डॉक्टरांनी गुंगीचे औषध दिले आणि यंत्र चालवले. मला वाटले होते केस पुंजक्या-पुंजक्यांनी पडतील. तसे झाले नाही. कातडी आणि नमदा यांच्यामधून यंत्र सरकत गेले, आणि सोललेल्या सालीसारखे ते आवरण अखंड निघाले: मानेपासून शेपटीपर्यंत, दोन्ही कुशींसह, आतून करडे, बाहेरून अजून थोडे चमकणारे. टेबलावर एकीकडे ते पडले होते आणि दुसरीकडे एक गुलाबी, हाडांचा, लहानसा प्राणी. बाबा म्हणाले होते तसा तो उंदीर दिसत होता. जखमा धुतल्या, औषध भरले. मदतनीस ते आवरण कचऱ्यात टाकू लागला तेव्हा आईने हात पुढे केला. तिने ते घडी करून टॉवेलात ठेवले.

“देवीपाशी नेतेस?” मी विचारले.

“काय म्हणून नेऊ? पुरा झाला का?”

घरी आल्यावर त्याला निजवले. दोन-तीन दिवसांत तो उभा राहू लागला, खाऊ लागला. अंगावरचे ओझे गेल्याने त्याची चाल मोकळी झाली होती, आणि मला, खरे सांगायचे तर, थोडासा आनंद झाला होता. एका सकाळी तो आपणहून बाबांच्या खोलीत गेला. आई पाठोपाठ गेली, मी दारात उभी राहिले. त्याने पूर्वीसारखेच पुढचे पाय पलंगाच्या कडेला टेकले आणि अंगठा चाटला.

बाबांनी पाय झटकन मागे घेतला. ती सवयीची हालचाल नव्हती. अनोळखी जनावर अंगाला लागल्यावर माणूस घेतो तसा त्यांनी पाय घेतला. त्यांनी खाली पाहिले, मग आईकडे पाहिले. कपाळावर आठी होती. हा कोण, असे ते विचारत होते.

“तोच आहे, हो,” आई म्हणाली. “आपला पोछा. केस काढले त्याचे.”

ते पाहत राहिले. त्याने पुन्हा चाटले. त्यांनी पुन्हा पाय घेतला आणि चादरीत ओढला. शब्द आला नाही.

तो दुसऱ्या दिवशीही आला नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मी कारण सांगू शकत होते. ते शब्द त्या कुत्र्याला बांधलेले होते, आणि बाबांच्या डोळ्यांना तो कुत्रा म्हणजे ते केस होते. खूण गेली, शब्द गेले. माझा निष्कर्ष मार्चपासून बरोबर होता: ते बोलणे नव्हतेच. मी आईला हे सांगितले नाही. ज्याला मी शिंक म्हटले होते तो या घरात उरलेला त्यांचा एकमेव आवाज होता, आणि तो गेल्यावर खोली किती शांत झाली हे मलाही ऐकू येत होते. त्या आठवड्यात मी परदेशातल्या प्रयोगशाळेला नकार कळवला. त्यांचे सभ्य उत्तर आले.

जूनच्या सुरुवातीला माझ्या इथल्या प्रयोगशाळेतली वीज गेली म्हणून मी दुपारीच घरी परतले. कूलर चालू होता, त्यामुळे दार उघडल्याचे कोणाला ऐकू गेले नाही. आई बाबांच्या खोलीत जमिनीवर बसली होती. तिने टॉवेल सोडला होता. ते आवरण तिने धुऊन वाळवले असावे. पोछ्याला समोर उभे करून ती ते त्याच्या पाठीवर पांघरत होती, मानेपाशी नीट बसवत होती, कुशींवरून खाली ओढत होती. मग तिने त्याला हलकेच पलंगाकडे ढकलले आणि बाबांच्या पायावरची चादर बाजूला केली.

“पाहा,” ती म्हणाली. “पाहा, कोण आला.”

पोछा दोन पावले चालला. बाबा पाहत होते. त्याने अंगठा चाटायला मान पुढे केली आणि पाठीवरचे ते ओझे घसरून फरशीवर पडले. त्याने अंग झटकले. बाबांनी एकदा जमिनीवरच्या केसांकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे, आणि पाय ओढून घेतला.

आईने मला पाहिले. ती दचकली नाही. तिने ते उचलून मांडीवर घेतले आणि त्यावरची धूळ हाताने पुसली.

“किती दिवसांत येतात वं परत?”

केस किती वेगाने वाढतो हे मला माहीत आहे. जमिनीपर्यंत लोळणारे केस यायला किती काळ लागेल, हे मी उभ्या उभ्या सांगू शकत होते.

“वर्षभर तरी,” मी म्हणाले. “कदाचित जास्तच.”

तिने पोछ्याकडे पाहिले नाही. तिने बाबांकडे पाहिले, त्यांच्या गळ्याकडे, छातीकडे, चादरीखाली पडलेल्या उजव्या हाताकडे, आणि मनाशी काहीतरी मोजले.